ख′(200) = 40 याचा व्यवहारात अर्थ काय?

समजा क्ष पिशव्या शिवायचा एकूण खर्च ख(क्ष) = 5000 + 20क्ष + 0.05क्ष² रुपये आहे. मग त्याचे डेरिव्हेटिव्ह, म्हणजे पिशव्या वाढतील तसा खर्च किती वेगाने वाढतो ते, ख′(क्ष) = 20 + 0.1क्ष, म्हणून ख′(200) = 40. म्हणजे 200 पिशव्या झाल्यावर पुढच्या एका पिशवीला साधारण 40 रुपये जास्त लागतील. एकक रुपये प्रति पिशवी. 201व्या पिशवीचा नेमका खर्च 40.05 येतो, फरक किरकोळ.

या 40 ला सरासरी खर्च समजू नका. बहुतेकांचा घोळ इथेच होतो. 200 पिशव्यांचा एकूण खर्च ख(200) = 11000, म्हणून सरासरी 11000 ÷ 200 = 55 रुपये आहे. तरी एक जादा पिशवी कुणी 45 ला मागितली तर द्यावी, कारण भाड्याबिड्याचे 5000 तसेही जाणारच आहेत. डेरिव्हेटिव्हमध्ये ते गळून पडतात ते त्यामुळेच. मात्र सगळाच माल 45 ने विकलात तर तोटा.