स्क्रू आवळल्याशिवाय दिसत नाही

प्रश्न : ‘सोफिया’ या विमानातल्या उडत्या वेधशाळेच्या एका वर्णपटमापकात (प्रकाश तरंगलांबीनुसार वेगळा करून मोजणाऱ्या उपकरणात) जर्मेनियमचे स्फटिक स्क्रूने आवळून बसवले होते, असे वाचले. इतकी नाजूक वस्तू, तीही विमानात, मुद्दाम दाबायची कशासाठी?

उत्तर : दाबली नाही तर हवे ते दिसतच नाही, म्हणून. आकाशगंगेतले वायुमेघ आपली उष्णता बऱ्याच अंशी आयनीभूत (इलेक्ट्रॉन गमावलेल्या) कार्बनच्या 158 मायक्रॉन तरंगलांबीच्या, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या दूर अवरक्त प्रकाशावाटे बाहेर टाकतात. तो टिपायला गॅलियम मिसळलेले जर्मेनियम वापरतात, पण त्याची नजर 120 मायक्रॉनच्या आसपास संपते. त्यापुढच्या फोटॉनमध्ये गॅलियमने धरून ठेवलेला विद्युतभार सोडवण्याइतका जोर नसतो. स्फटिक एकाच दिशेने जबर दाबला की ही पकड ढिली होते आणि मर्यादा 200 मायक्रॉनपर्यंत सरकते.

तुम्ही वाचलेल्या त्या ‘फिफी-एलएस’ या उपकरणात असे 16 स्फटिक एकावर एक रचून एकत्र दाबलेले होते. अशा 25 रांगा, म्हणजे 400 पिक्सेल. मिलिमीटरभराच्या स्फटिकावर अख्खा माणूस उभा राहावा, इतका भार! आणि रांगेतला एक जरी तडकला, तरी बाकीच्यांवरचाही दाब गेलाच. उमेदवारीच्या काळात मी प्रयोगशाळेत हेच काम करायचो. पाव फेरा आवळायचा, रोध मोजायचा, पुन्हा पाव. एका संध्याकाळी घाईत जरा जास्तच फिरवला. ‘टक्’. महिनाभराची रांग गेली. शेजारची सहकारी काही बोलली नाही, तिने फक्त माझ्या हातातला पाना काढून घेतला.

विमानाच्या थरथरीची चिंता स्फटिकापेक्षा दुर्बिणीला जास्त. ती 17 टनांची दुर्बीण तेलाच्या पातळ थरावर फिरणाऱ्या 1.2 मीटरच्या गोलावर तोललेली होती. त्याहून मोठी डोकेदुखी म्हणजे दूर अवरक्तात दुर्बिणीचा आरसा स्वतःच्याच उष्णतेने उजळतो. म्हणून दुर्बिणीतला छोटा दुय्यम आरसा सेकंदाला काही वेळा हलवून एकदा मेघाकडे, एकदा शेजारच्या रिकाम्या आकाशाकडे बघायचे आणि दुसरे पहिल्यातून वजा करायचे.

एवढा खटाटोप विमानातच का? हवेतली पाण्याची वाफ हा प्रकाश शोषून घेते म्हणून. जमिनीवरून हा प्रकाश दिसत नाही. 12 ते 13.7 किलोमीटर उंचीवर मात्र 99 टक्क्यांहून अधिक वाफ खाली राहते. उपग्रह याहून सरस, कबूल. पण ‘हर्शेल’ या अवकाश दुर्बिणीतले उपकरणे थंड ठेवणारे हेलियम 2013 मध्ये संपले आणि त्याचे वेध तिथेच थांबले. ‘सोफिया’ खाली उतरली की हेलियम पुन्हा भरता येई, अख्खे उपकरण बदलता येई. सप्टेंबर 2022 मध्ये ‘सोफिया’ची उड्डाणे थांबली आणि तीही सोय गेली.