समुद्र तापला की सॅल्मन घटतो म्हणतात, मग आपले तारले, म्हणजे सार्डिन मासेही, त्यामुळेच कमी झाले का?

अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यावरून आमच्या घरात दोन चुली झाल्या, म्हणून लिहितो.

आधी सॅल्मन. (हॉटेलात 'इंडियन सॅल्मन' म्हणून वाढतात तो आपला रावस, वेगळाच मासा.) अमेरिकेच्या ओरेगन-वॉशिंग्टन किनाऱ्याला पाणी थंड असलं की उत्तरेकडचे चरबीदार कोपेपॉड, म्हणजे तिळाहून बारीक प्लवक, वाहत येतात. पाणी तापलं की दक्षिणेचे किडकिडीत येतात. नदीतून नुकतीच समुद्रात उतरलेली पिल्लं त्या वर्षी उपाशी मरतात, आणि फटका पुढे मासा नदीत परतायच्या वेळी कळतो. १९७७ च्या सुमारास पॅसिफिकच्या तापमानाचा कल पालटला, तेव्हा तिथे सॅल्मन घटला, अलास्कात मात्र वाढला.

आपल्याकडे पावसाळ्यात किनाऱ्यालगत खालचं थंड, कसदार पाणी वर येतं, त्यावर डायटम, म्हणजे सूक्ष्म शेवाळ, माजतात आणि तारले तेच खातात. वरचं पाणी फार तापलं की ते झाकणासारखं बसतं, खालचा कस वर येत नाही.

गोव्यात पेडण्याला आमची रापण होती, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. ते ओढून झालं की बाबा पहिल्या तारल्याचं पोट अंगठ्याने दाबायचे. हिरवट-तपकिरी लगदा आला की म्हणायचे, "खाऊन आलाय." २०१५ साली, एल निनोच्या (पॅसिफिकचं पाणी तापतं त्या) वर्षी, अंगठ्याला नुसतं पाणी लागलं. एरवी तारले तव्यावर स्वतःच्याच चरबीत भाजतात, त्या वर्षी आईला वरून तेल सोडावं लागलं.

त्याच आठवड्यात पर्ससीनवाल्या (बोटीतून अख्खा थवा वेढणारं जाळं) चुलतभावाने बोटाएवढे तारले टेम्पो भरभरून फिशमीलला, म्हणजे माशांची पूड करणाऱ्या कारखान्याला, घातले. बाबा बोलले तर म्हणाला, "काका, एल निनो आहे, आम्ही काय करणार?" बाबा त्याच्या दारात पुन्हा गेले नाहीत.

केरळात २०१२ साली जवळपास ३.९ लाख टन तारले मिळाले, २०२१ मध्ये फक्त ३,२९७ टन. एवढी पडझड नुसत्या पाण्याच्या उष्णतेने झाली असं मी मानत नाही. मासा उपाशी असतो तेव्हाच पिल्लं न धरता सोडून द्यायची असतात, आणि आपण तेव्हाच जाळं आणखी बारीक करतो.

रापणीतही बारीक मासा येतो, आमच्याही यायचा, हे कबूल. आणि सॅल्मनला नदी लागते, तारल्यांना नाही, त्यामुळे दोघांची तुलना फार ताणू नका. पण केरळने तारल्यांसाठी किमान १० सेंटीमीटर लांबी ठरवली आहे. म्हापशाच्या बाजारात त्याहून लहान दिसले तर घेऊ नका, आणि विकणाऱ्या बाईवर चिडू नका. बोट कोणाची, ते विचारा.