गिटारचा किणकिणता टोन हवाय? आधी गेन (अ‍ॅम्पचा आवाज फाटवणारी नॉब) खाली आण

अरे, बारा तारांची रिकनबॅकर कंपनीची गिटार नाही म्हणून अडून बसू नकोस. सिंगल कॉइल पिकअपची (पिकअप म्हणजे तारांची कंपनं टिपणारा भाग) कुठलीही गिटार चालेल. नेक (दांड्याकडचा) आणि ब्रिज (तारांच्या खालच्या टोकाकडचा), दोन्ही पिकअप एकदम चालू ठेव. खरी गंमत कॉम्प्रेसरमध्ये, म्हणजे मोठा आवाज दाबून पातळी सारखी करणाऱ्या उपकरणात आहे. १९६५ मध्ये द बर्ड्स या बँडच्या रॉजर मॅग्विनचा तो लांबत जाणारा सूर कॉम्प्रेशनमुळेच आला. कॉम्प्रेसरचा रेशो (किती दाबायचं ते) ४:१ च्या आसपास, अ‍ॅटॅक (दाबणं किती लवकर सुरू व्हायचं ते) जरा सावकाश. म्हणजे पिकचा ‘टिंग’ आधी निसटतो, मग सूर दाबला जातो. मॉडेलरमध्ये (अ‍ॅम्पच्या आवाजांची नक्कल करणारं यंत्र) व्हॉक्स एसी३० या अ‍ॅम्पचा टॉप बूस्ट चॅनल निवड, गेन जेमतेम. मीही सुरुवातीला नुसता ट्रेबल वाढवत बसायचो, कान किटायचे! बेस कमी केला तेव्हा कुठे आवाज मोकळा झाला. आणि हो, तारा नव्या घाल. कॉर्ड धरून एकेक तार सुटी वाजव, सगळ्या एकदम खरवडू नकोस.