वाचकांचे प्रश्न: ग्रीसच्या मानीत सुट्टी

ग्रीसच्या दक्षिणेला पेलोपोनेसची जी तीन बोटं समुद्रात उतरतात, त्यातलं मधलं बोट म्हणजे मानी. तायगेतोस पर्वताची रांग या बोटाच्या कण्यासारखी थेट शेवटपर्यंत गेली आहे. दोन्ही बाजूंना समुद्र आणि उतारावर दगडी मनोऱ्यांची गावं. या भागाबद्दल बरीच पत्रं आली. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

मे महिन्याच्या सुट्टीत दोन मुलांना घेऊन दहा दिवस ग्रीसला जायचं आहे. अथेन्स, सांतोरिनी आणि मानी तिन्ही बसेल का? (फोंडा)

बसवता येईल, पण मग मानी गाडीच्या काचेतूनच बघावी लागेल. सांतोरिनीला जहाज अथेन्सच्या पिरेअस बंदरातून पूर्वेच्या समुद्रात जातं, मानी नैर्ऋत्येला आहे. दोन्ही जोडायची म्हणजे जाण्यायेण्यातच दोन दिवस जातात. सांतोरिनी यावेळी सोडा.

दहा दिवसांत आमच्या मते असं करावं. रात्रभराच्या विमानप्रवासानंतर त्याच दिवशी मानी गाठायचा हट्ट नको. अथेन्स विमानतळावरून साधारण दोन तासांवर नाफ्प्लिओ आहे, पहिली रात्र तिथे काढा. वाटेत कोरिंथचा कालवा लागतो. 1893 साली खुला झालेला हा कालवा सहा किलोमीटरहून थोडा जास्त लांब आणि इतका अरुंद आहे की पुलावरून खाली बघताना मुलं गप्प होतात. दुसऱ्या दिवशी त्रिपोली, कालामातामार्गे कार्दामिली. तिथे किंवा शेजारच्या स्तूपात चार रात्री. मग दक्षिणेला सरकून अरेओपोली किंवा येरोलिमेनासला तीन रात्री. परतताना यिथियो आणि स्पार्टाजवळचं मिस्त्रास हे मध्ययुगीन पडकं शहर बघून अथेन्स.

मुक्काम दोन ठिकाणी हवा, कारण मानीचे दोन वेगळे स्वभाव आहेत. इतिलो गावाच्या उत्तरेची बाहेरची मानी हिरवी, ऑलिव्हच्या बागांची, पोहायला सोयीची. दक्षिणेची आतली मानी रखरखीत, दगडी, ओसाड मनोऱ्यांची. कार्दामिलीत राहून एका दिवसात मानीच्या दक्षिणेचं तेनारोचं टोक करून परत येऊ, असा बेत अनेकजण आखतात. कार्दामिली ते अरेओपोली वळणावळणाचा तासाभराहून अधिक रस्ता आहे, पुढे टोक तेवढंच लांब. संध्याकाळी परतताना सगळे वैतागलेले असतात आणि चालवणारा दमलेला.

माझ्या यजमानांकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे, माझा आणि मुलाचा भारतीय. आम्हाला व्हिसा लागेल का? (मडगाव)

यजमानांना लागणार नाही. तुम्हाला आणि मुलाला शेंगेन व्हिसा लागेल, पण साधा पर्यटक म्हणून अर्ज करू नका. युरोपीय संघाच्या नागरिकाचे जोडीदार, 21 वर्षांखालील मुलं आणि अवलंबून असलेले आईवडील हे त्याच्याबरोबर त्याच्या स्वतःच्या देशाखेरीज दुसऱ्या सदस्य देशात जात असतील, तर त्यांना व्हिसा शुल्क माफ असतं आणि अर्जावर लवकर निर्णय द्यावा लागतो. पोर्तुगालला जाताना ही सवलत याच नियमाने मिळत नाही, ग्रीसला जाताना मिळते. अर्जातला युरोपीय नागरिकाच्या कुटुंबीयांसाठीचा भाग भरायचा, विवाहाचा आणि जन्माचा दाखला जोडायचा, यजमानांच्या पासपोर्टची प्रत द्यायची. व्हिसा अर्ज केंद्राच्या खिडकीवर आधी शुल्क मागितलं गेलं तर हा भाग दाखवा. आणि प्रवास एकत्र करायचा आहे, हे तिकिटांवरून दिसू द्या.

बाकी सर्वांसाठी: जून 2024 पासून प्रौढांचं शुल्क 90 युरो, सहा ते बारा वर्षांखालील मुलांचं 45, सहा वर्षांखालच्यांना माफ. केंद्राची सेवाफी वेगळी. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी हे नियमात आहे, पण मे महिन्यासाठी तेवढ्यावर राहू नका, भेटीच्या वेळाच मिळत नाहीत. विमा किमान 30,000 युरोचा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा, दहा वर्षांच्या आत काढलेला आणि दोन पानं कोरी असलेला. व्हिसा हातात येईपर्यंत परतावा न मिळणारं तिकीट घेऊ नका.

गोव्यात वीस वर्षं गाडी चालवतोय. मानीत भाड्याची गाडी घेऊ का? (म्हापसा)

घ्या. आतल्या मानीत गाडीशिवाय फारसं जमत नाही. चोर्ला घाटात चालवणाऱ्याला वळणं नवी नाहीत. नवी आहे ती बाजू.

ग्रीसमध्ये गाडी रस्त्याच्या उजवीकडून चालते आणि चालक डावीकडे बसतो. सरळ रस्त्यावर अर्ध्या तासात सवय होते. चूक होते ती तीन ठिकाणी: रिकाम्या रस्त्यावर पेट्रोल पंपातून बाहेर पडताना, डावीकडे वळताना, आणि समोरून अचानक गाडी आली की हात आपोआप डावीकडे जातो तेव्हा. शेजारी बसणाऱ्याने प्रत्येक वळणाआधी मोठ्याने ‘उजवीकडे’ म्हणायचं, हा उपाय बालिश वाटला तरी पहिले दोन दिवस करा. चालकाला गाडी उजवीकडच्या कडेला जास्त सरकल्याचं कळत नाही, म्हणून उजवा आरसा आणि उजवे टायर दगडी भिंतींना घासतात. भाड्याच्या गाड्यांचं सर्वात जास्त नुकसान तिथेच होतं, आणि साध्या विम्यात टायर, काचा आणि गाडीचा तळ बहुधा धरलेला नसतो. करारात या तीन गोष्टी शोधून वाचा. गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंचा आणि चाकांच्या रिंगांचा व्हिडिओ काढा.

भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय चालक परवाना हवाच. आरटीओत मिळतो, एक वर्ष चालतो. अर्जाला पासपोर्टची प्रत लागते, व्हिसाची अट 2021 मध्ये काढली गेली. तरी निघण्याआधी दोनेक आठवडे मोकळे ठेवा. मूळ परवाना घरी विसरलात तर आंतरराष्ट्रीय परवान्याचा उपयोग नाही. अनामत रक्कम चालकाच्याच नावाच्या क्रेडिट कार्डावर अडकवतात. बायकोचं कार्ड किंवा डेबिट कार्ड पुढे केलं की काउंटरवर गाडी नाकारली जाण्याची शक्यता मोठी.

गाडी लहान घ्या. वाथियासारख्या गावांत रस्ता दोन भिंतींमधून जातो, मोठी गाडी कुटुंबासाठी सोयीची वाटते आणि तिथे अडकते. गिअरची गाडी चालवायची असेल तर गिअर उजव्या हाताशी येतो हे ध्यानात घ्या. ऑटोमॅटिक महाग पडते, पण पहिल्या खेपेला तिचेच पैसे द्यावेत असं आमचं मत. पेट्रोल अरेओपोलीत भरून पुढे जा, टाकी अर्धी असली तरी. त्यापुढे पंप विरळ आहेत आणि रविवारी वा संध्याकाळी बंद सापडतात. रोख युरोही तिथेच काढा.

रात्री आतल्या मानीत चालवू नका. शेळ्या रस्त्यावर बसलेल्या असतात, दिवे नाहीत, आणि कठडा असेलच असं नाही.

गाडी चालवता येत नाही. बसने जमेल का? (डिचोली)

बाहेरची मानी जमेल. अथेन्सच्या किफिसोस बसस्थानकावरून क्तेलची (ग्रीसमधल्या जिल्हावार बससंस्थांचं नाव) बस तीनेक तासांत कालामाताला नेते, तिथून कार्दामिली आणि स्तूपाला दिवसातून मोजक्या बसेस आहेत. अडचण इतिलोपाशी आहे. मानी दोन जिल्ह्यांत विभागली आहे, उत्तरेचा भाग मेसिनियात आणि दक्षिणेचा लाकोनियात, आणि प्रत्येक जिल्ह्याची बससंस्था वेगळी. त्यांची वेळापत्रकं एकमेकांशी जुळतीलच असं नाही, रविवारी तर आणखी कमी बसेस. आतल्या मानीसाठी अथेन्सहून स्पार्टा, यिथियोमार्गे अरेओपोलीची बस पकडा आणि तिथून टॅक्सी ठरवा. परतीच्या बसची वेळ उतरतानाच स्थानकाच्या खिडकीवर विचारून लिहून घ्या.

कधी जावं? पावसाळा टाळून चवथीच्या आसपास जमेल का? (पणजी)

मे आणि सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबरचा मध्य, हे उत्तम. मेमध्ये डोंगर फुललेला असतो, चालायला हवा छान, समुद्र मात्र अजून थंड. आपल्या पाण्याच्या हिशोबाने बरंच थंड, मुलं पाय बुडवून परत येतील. चवथ आटोपून निघालात तर उन्हाळाभर तापलेला समुद्र मिळतो आणि गर्दी ओसरलेली असते. जुलै-ऑगस्टमध्ये पारा 35च्या वर सहज जातो, वणवे लागतात, 15 ऑगस्टच्या मेरीमातेच्या सणाला खोल्या मिळत नाहीत. फोनवर 112 चा, म्हणजे आपत्कालीन सेवेचा, इशारा आला तर सामान आवरत बसू नका. नोव्हेंबरनंतर बऱ्याच खानावळी आणि खोल्या बंद होतात.

ऑर्थडॉक्स ईस्टर आपल्याकडच्या ईस्टरपेक्षा बहुतेकदा वेगळ्या तारखेला येतो. 2027 मध्ये तो 2 मे रोजी आहे. त्या आठवड्यात जायचं तर खोली फार आधी ठरवा, ऐनवेळी मिळणार नाही.

खोलीच्या भाड्याखेरीज दर रात्री, दर खोलीमागे एक सरकारी कर मुक्कामाच्या ठिकाणीच भरावा लागतो. बुकिंगच्या रकमेत तो अनेकदा धरलेला नसतो.

दिरोसच्या गुहा आणि तेनारोचं टोक, दोन्ही एकाच दिवशी होईल? आणि मनोऱ्यांचं प्रकरण काय आहे? (पेडणे)

अरेओपोलीला मुक्काम असेल तर होईल. गुहा आधी करा. सकाळी लवकर पोहोचा, ऐन हंगामात दुपारी रांग फार वाढते. सपाट तळाच्या होडीतून नावाडी तुम्हाला पाण्याने भरलेल्या बोगद्यांतून फिरवतो, शेवटचा भाग पायी. छत काही ठिकाणी इतकं खाली येतं की मान वाकवावी लागते, उंच माणसांनी पुढे बसू नये. आत दमट असतं, बाहेरच्या उन्हाच्या मानाने गार. पाणी चढलं असेल तर होड्या बंद ठेवतात, म्हणून मोठा पाऊस झाला असेल तर निघण्याआधी फोन करून विचारा.

तेनारोला रस्ता संपतो तिथे गाडी लावायची आणि दीपगृहापर्यंत पाऊलवाटेने चालायचं, जायला पाऊण तास, यायला तेवढाच. सावली नाही, पाणी नाही. माणशी दीड लिटर पाणी आणि टोपी घ्या, आणि दुपारी चारनंतर निघा. वाटेच्या सुरुवातीलाच समुद्रदेव पोसेडॉनच्या देवळाचे दगड वापरून बांधलेलं छोटं चर्च दिसतं. पुढे उघड्यावर रोमन काळातली गोल नक्षीची फरशी आहे, लोक तिच्यावर पाय देऊन जातात, तसं करू नका. प्राचीन ग्रीक लोक इथल्या गुहेला पाताळाचं दार मानत, हेराक्लीसने (हर्क्युलिसने) तीन तोंडांचा कुत्रा इथूनच वर आणला अशी कथा आहे. ग्रीसच्या मुख्य भूमीचं हे दक्षिण टोक.

मनोरे म्हणजे घराण्यांचे किल्ले. जमीन थोडी, माणसं जास्त, त्यात वैर पिढ्यानपिढ्या चालायचं. शेजाऱ्यापेक्षा उंच मनोरा बांधायचा आणि वरून त्याच्या छपरावर मारा करायचा. खिडक्या म्हणूनच इतक्या बारीक आणि दार जमिनीपासून वर. तुर्की सत्तेला हा भाग कधीच पुरता आवरता आला नाही. 17 मार्च 1821 रोजी अरेओपोलीत पेत्रोबेय मावरोमिखालिसच्या नेतृत्वाखाली मानीच्या लोकांनी बंडाचं निशाण उभारलं आणि सहा दिवसांत कालामाता घेतलं. अरेओपोलीच्या चौकात त्याचा पुतळा आहे. वाथियात पडके मनोरे आहेत, त्यांच्या आत शिरू नका. लाकडी मजले कुजलेले आहेत.

आई शाकाहारी, बाकी आम्ही मासेखाऊ. जेवणाचं कसं? (वास्को)

आईंची सोय तुमच्याहून स्वस्तात होईल. ‘लादेरा’ या नावाखाली ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भाज्या मिळतात: मिश्र भाज्यांचं ब्रियाम, मोठ्या पांढऱ्या वालांचं गिगांतेस, फरसबी. उकडलेल्या रानभाज्या म्हणजे होर्ता, त्यावर लिंबू पिळायचं. दोन सावधगिऱ्या. भरलेल्या टोमॅटोत कधी खिमा असतो, ‘होरिस क्रेआस’ म्हणजे मांसाविना, असं सांगा. आणि ‘निस्तीसिमो’ म्हणजे उपासाचं असं वाढप्याने म्हटलं तर ते शाकाहारी असेलच असं नाही, ग्रीक उपासात कोळंबी, कालवं, ऑक्टोपस चालतात.

माशांच्या बाबतीत बिल बघून डोळे पांढरे होतात ते मेनूवरचा भाव किलोचा असतो म्हणून. त्सिपुरा किंवा बारबुनी मागवायचं तर स्वयंपाकघरात जाऊन मासा निवडा, तुमच्यासमोर वजन करायला लावा आणि भाजायला टाकण्याआधी रक्कम विचारा. यात कुणाला वाईट वाटत नाही. मेनूत नावापुढे चांदणी असेल तर मासा गोठवलेला. रोज ताजं आणि परवडणारं हवं तर गावरोस, म्हणजे छोटे मासे तळून देतात, तेच मागवा.

पोहायला किनारे कसे आहेत? (काणकोण)

वाळूचे थोडे, गोट्यांचे जास्त. रबरी तळाचे पाण्यातले बूट घेऊन जा, खडकांवर समुद्री साळू असतात आणि काटा रुतला की सुट्टीचे दोन दिवस गेले. लहान मुलांना स्तूपा आणि शेजारचं कालोग्रिया, तिथे वाळू आणि उथळ पाणी आहे. स्तूपाच्या खाडीत समुद्राखालून गोड्या पाण्याचे झरे फुटतात, त्यामुळे मध्येच बर्फासारखा गार पट्टा लागतो, घाबरू नका. लिमेनीचं पाणी सुरेख आहे पण पायऱ्यांवरून थेट खोल उतरतं, पोहता येणाऱ्यांनीच जावं. जीवरक्षक सगळीकडे नसतात.