संगणक-शंका : सिस्टिम फाइल पुन्हा पुन्हा का बिघडते?

(आज्ञा छपाईच्या सोयीसाठी देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना इंग्रजी अक्षरेच वापरा. प्रत्येक तिरक्या रेषेआधी एक स्पेस सोडायची, रेषेनंतर सोडायची नाही. निम्म्या आज्ञा एवढ्यावरूनच फसतात.)

प्रश्न : विंडोज 10 असलेल्या डेस्कटॉपवर एसएफसी /स्कॅननाऊ चालवले. 'बिघडलेल्या फाइल सापडल्या, पण काही दुरुस्त करता आल्या नाहीत' असा संदेश आला. तीनदा करून पाहिले, तेच. फॉरमॅट मारावा लागेल का? (बार्शी)

उत्तर : फॉरमॅटची घाई करू नका. एसएफसी बिघडलेल्या फाइलच्या जागी चांगली प्रत बसवते आणि ती प्रत तुमच्याच संगणकातल्या विनएसएक्सएस फोल्डरमधून घेते. तिथली प्रतच खराब असेल, तर तीनदा काय, तीसदा चालवूनही हाच संदेश येणार. आधी तो साठा नीट करायचा आणि ते काम डीआयएसएम या विंडोजमधल्याच आज्ञेचे.

स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करा, कमांड प्रॉम्प्टवर राइट क्लिक करून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' निवडा आणि लिहा : डीआयएसएम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ. इंटरनेट चालू हवे, कारण चांगल्या फाइल विंडोज अपडेटकडून येतात. आकडा 62.3 टक्क्यांवर बराच वेळ अडकल्यासारखा दिसतो. तो अडकलेला नसतो, खिडकी बंद करू नका. काम पूर्ण झाले की रीस्टार्ट करा आणि मगच पुन्हा एसएफसी चालवा. हा क्रम उलटा केला तर उपयोग नाही.

डीआयएसएमने 0एक्स800एफ081एफ ही त्रुटी दाखवली, तर तिला मूळ फाइल मिळाल्या नाहीत असे समजा. अशा वेळी मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून तुमच्या विंडोजच्याच भाषेची विंडोज 10 ची आयएसओ फाइल (विंडोज बसवण्याचे सगळे साहित्य एकत्र असलेली) उतरवा, तिच्यावर डबल क्लिक करा आणि चालू विंडोजमधूनच आतला सेटअप चालवा. 'वैयक्तिक फाइल आणि अ‍ॅप्स ठेवा' हा पर्याय दिसतो ना, याची खात्री करूनच पुढे जा. तो दिसत नसेल तर तिथेच थांबा, नाहीतर बसवलेली सॉफ्टवेअर जातील. आणखी एक, विंडोज 10 चा नेहमीचा पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आहे. तुमच्या मदरबोर्डवर टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) असेल आणि प्रोसेसर मान्य यादीत असेल, तर एवढी मेहनत विंडोज 11 बसवण्यासाठीच करा.

प्रश्न : आमच्याकडे एसएफसी सगळे दुरुस्त करते, पण महिन्याभरात पुन्हा फाइल बिघडतात. दुकानदाराने दोनदा विंडोज नवे टाकून दिले. (रत्नागिरी)

उत्तर : मग दोष विंडोजमध्ये नाही, तिसऱ्यांदा टाकू नका. फाइल आपण होऊन सडत नाही. तपासायच्या जागा तीनच : डिस्क, रॅम आणि वीज.

सर्वांत आधी फोटो आणि कागदपत्रे दुसऱ्या डिस्कवर घ्या. मग क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर चालवा. हार्ड डिस्क असेल तर 05 आणि सी5 या दोन ओळी पाहा. 05 म्हणजे डिस्कने बाद करून बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), सी5 म्हणजे वाचता न आल्याने लटकलेले. सी5 शून्य नसेल किंवा 05 चा आकडा आठवड्यागणिक वाढत असेल, तर डिस्क बदला. अशा डिस्कवर बॅकअपच्या आधी चेकडिस्क /आर कधीही चालवू नका. ती आज्ञा एकेक सेक्टर वाचत बसते आणि मरणाला टेकलेली डिस्क त्या ताणानेच जाऊ शकते. सी7 ची ओळ वाढत असेल तर मात्र डिस्कला दोष देऊ नका, बहुतेक वेळा डिस्कला मदरबोर्डशी जोडणारी साटा केबल सैल किंवा खराब असते. ती बदलायला फारसा खर्च येत नाही.

डिस्क ठीक निघाली तर विंडोज आणि आर ही दोन बटणे एकदम दाबून एमडीशेड (अक्षरे : एम, डी, एस, सी, एच, ई, डी) लिहा. रीस्टार्टनंतर रॅमची तपासणी होते. एकही त्रुटी आली तर ती खरी धरा. रॅमच्या दोन पट्ट्या असतील, तर एकेक लावून पाहा म्हणजे दोषी कोणती ते कळेल. कोकणच्या दमट हवेत पट्टीच्या कडेवर मळ बसतो. वायर काढा, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरा, पट्टी काढून सोनेरी कड मऊ खोडरबराने हलकेच पुसा, पुन्हा 'टक' आवाज येईपर्यंत बसवा.

विजेबद्दल फार थोडे लोक विचार करतात. एनटीएफएस ही विंडोजची डिस्कवर फाइल ठेवण्याची पद्धत फोल्डरची रचना नोंदवहीच्या आधारे सावरून घेते, पण फाइलच्या आतला मजकूर अर्धवट लिहिला गेला असताना वीज गेली, तर तो मजकूर तिला परत आणता येत नाही. अपडेट चालू असताना असे झाले तर सिस्टिम फाइल बिघडू शकते. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचे बटण 'यूपीएस' मोडवर आहे का ते बघा. साध्या मोडमध्ये तो इतक्या सावकाश पलटतो की पंखा चालू राहतो, पण संगणक बंद होऊ शकतो.

प्रश्न : सॉफ्टवेअर उघडताना व्हीसीरनटाइम140 डीएलएल सापडत नाही असे येते. इंटरनेटवर ती फाइल सुटी मिळते, ती सिस्टिम32 मध्ये टाकू का? (नाशिक)

उत्तर : टाकू नका. सुटी फाइल कुणी कशी बदलली आहे हे कळत नाही, आणि चुकीची 32 बिट फाइल पडली तर 0एक्ससी000007बी ही नवी त्रुटी येते. 64 बिट विंडोजमध्ये सिस्टिम32 मध्ये 64 बिटच्या फाइल असतात आणि 32 बिटच्या सिसवाऊ64 मध्ये. नावे उलटी वाटतात, पण तसेच आहे. ही फाइल ज्या संचात येते तो, म्हणजे मायक्रोसॉफ्टचे व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल, उतरवा. एक्स86 (32 बिट) आणि एक्स64 (64 बिट) दोन्ही बसवा, कारण 64 बिट संगणकावरही कितीतरी सॉफ्टवेअर 32 बिटची असतात.

प्रश्न : सुरू करताच 'बूटएमजीआर इज मिसिंग'. (गोंदिया)

उत्तर : विंडोज सुरू करून देणारी फाइल सापडत नाही, असा याचा अर्थ. आधी पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, बाहेरची डिस्क, सगळे काढून पुन्हा सुरू करा. तरीही तेच आले तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) डिस्कचे नाव दिसते का पाहा. दिसत असेल तर तीच बूटच्या क्रमात पहिली ठेवा. दिसत नसेल तर कॅबिनेट उघडून तिच्या दोन्ही केबल, साटाची आणि विजेची, काढून नीट बसवा.