जुनेर हाती घेताना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

जुन्या कपड्यांपासून किंवा वापरलेल्या वस्तूंच्या दुकानातून आणलेल्या जिनसांपासून हाताने काही करताना काम नेमके कुठे अडते, असे या सदरातून मागच्या वेळी विचारले होते. नमुना नीट आखला, मापे घेतली, टाकेही नेटके घातले, तरी वस्तू टिकली नाही, अशी तक्रार आलेल्या पत्रांपैकी बऱ्याच पत्रांत आहे. ही पत्रे वाचताना शिवणीतली चूक फारच थोड्या ठिकाणी दिसली. बहुतेकांचे काम कात्री लावण्यापूर्वीच, म्हणजे कापड पारखतानाच बिघडले होते. म्हणून पहिल्या प्रश्नाला सर्वांत जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : जुन्या कपड्यांच्या दुकानात रंग आणि नक्षी पाहून मी कपडे आणते. त्यांच्या पिशव्या आणि उशांचे अभ्रे शिवते, पण काही महिन्यांतच कापड शिवणीजवळ फाटते. घेतानाच कापड चांगले आहे की नाही, हे कसे ओळखावे?

उत्तर : रंग आणि नक्षी डोळ्यांना दिसतात, पण कापडात किती जीव उरला आहे हे हातालाच कळते. कपडा प्रथम उजेडासमोर धरा. सदऱ्याची कोपरे आणि कॉलरची घडी, विजारीचे गुडघे आणि बैठक, चादरीचा मधला भाग या जागा आधी विरतात आणि तिथून उजेड अधिक येतो. नंतर दोन्ही अंगठे जवळजवळ ठेवून कापड उभ्या आणि आडव्या धाग्याच्या दिशेने हलकेच ताणून पाहा. धागे सरकून फट पडली, किंवा बारीकसा तडकल्यासारखा आवाज आला, तर ते कापड ताण सहन करणार नाही. पडद्यांच्या बाबतीत ही तपासणी विशेष गरजेची आहे, कारण वर्षानुवर्षे ऊन खाल्लेला पडदा दिसायला धडधाकट असतो आणि पहिल्याच धुण्यात त्याच्या चिंध्या होतात.

एकाच कपड्यात कापडाचे वय सगळीकडे सारखे नसते. सदऱ्याच्या पाठीचा खालचा भाग, खिशाखाली झाकलेली जागा आणि घोट्याजवळची विजार हे भाग बहुधा जवळजवळ नवे असतात. म्हणून मोठ्या मापाचा साधा सदरा हा लहान मापाच्या देखण्या सदऱ्यापेक्षा नेहमीच फायद्याचा ठरतो. विरलेला भागही टाकून देऊ नका. उशीचे भरण, भांडी धरायच्या जाड फडक्यातला मधला थर किंवा पातळ कापडाचे अस्तर म्हणून त्याला अजून आयुष्य आहे. ओझे पेलणाऱ्या पिशवीच्या बंदासाठी मात्र तो कधीही घेऊ नये.

लेबल निघून गेले असेल, तर शिवणीच्या आतल्या मायेतून, म्हणजे शिवणीपलीकडे सोडलेल्या जादा कापडातून, दोन-चार धागे काढून, चिमट्यात धरून, धातूच्या ताटलीवर जाळून पाहता येतात. शेजारी पाणी ठेवावे. सुती धागा भरभर जळतो, जळक्या कागदाचा वास देतो आणि मऊ राखाडी राख मागे ठेवतो. लोकर आणि रेशीम यांना जळक्या केसांचा वास येतो आणि ज्योत दूर केली की ती सहसा आपोआप विझतात. पॉलिस्टर ज्योतीपासून आक्रसते, वितळते आणि थंड झाल्यावर त्याचा कठीण मणी होतो. मिश्र धाग्यात दोन्ही लक्षणे दिसतात. कापडाची जात कळली, की इस्त्री किती तापवायची, रंग चढेल की नाही, कोणत्या दोन कापडांची जोडी जमेल, हे पुढचे निर्णय बरेच सोपे होतात. उदाहरणार्थ, घरगुती रंगाच्या पुड्या पॉलिस्टरवर जवळजवळ चढतच नाहीत, कारण त्याला वेगळ्या जातीचा रंग आणि बरीच जास्त उष्णता लागते.

आणखी एक गोष्ट मी स्वतः नुकसान सोसून शिकले आहे. दुकानातून आणलेले प्रत्येक कापड कापण्यापूर्वी धुवा, आणि तयार वस्तू पुढे जशी धुतली जाणार आहे, तसेच धुवा. न धुतलेले सुती कापड आणि पूर्वी अनेकदा धुतलेले कापड मी एकदा एका अभ्र्यात शेजारी-शेजारी जोडले. पहिल्या धुण्यात एकच आटले आणि सगळी जोडणी चुण्यांनी भरून गेली.

प्रश्न : असे कपडे घरात आणायला भीती वाटते. ढेकूण, कसर किंवा कुबट वास घरभर पसरू नये म्हणून काय करावे?

उत्तर : कपडे घरात उघडे न ठेवता बंद प्लॅस्टिक पिशवीतूनच आणावेत आणि त्या पिशवीतून थेट धुण्यात टाकावेत. उष्णता सोसणारे सुती कपडे ६० अंश सेल्सिअसला धुतले, तर ढेकूण आणि त्यांची अंडी मरतात. गरम ड्रायरमध्ये अर्धा तास फिरवूनही तेच साधते. लोकर किंवा रेशीम गरम पाण्यात घालता येत नाही. ते घट्ट बांधलेल्या पिशवीत उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये २ आठवडे ठेवावे. त्याने लोकर खाणाऱ्या कसरीचाही बंदोबस्त होतो, मात्र पिशवी बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाही तर आत दव धरते. कुबट वासासाठी धुण्याचा सोडा, पुरेसे पाणी आणि मोकळ्या हवेत पूर्ण वाळवणे एवढे बहुधा पुरते. काळे ठिपके धरलेले आणि हाताला ठिसूळ लागणारे कापड मात्र घेऊच नये. ती बुरशी धाग्यात शिरलेली असते.

प्रश्न : लोकरीचा स्वेटर चुकून गरम पाण्यात धुतला गेला आणि लहान मुलाच्या मापाचा झाला. त्याचे काही करता येईल का?

उत्तर : करता येईल, आणि ज्यांचा स्वेटर आटलेला नाही त्यांनी तो मुद्दाम आटवावा, इतके हे कापड उपयोगी आहे. लोकरीच्या तंतूवर अतिशय बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. विणीचे टाके दिसेनासे होऊन जो जाड, दाट पदार्थ तयार होतो, तो नमदा, म्हणजेच फेल्ट. त्याचा सर्वांत मोठा गुण असा, की कापलेली कड उसवत नाही. त्यामुळे दुमड न घालताच चष्म्याचे घर, सुया टोचून ठेवायचे पुस्तक, कपाखालची बैठक किंवा गरम पाण्याच्या पिशवीचे आवरण तयार होते.

मुद्दाम आटवताना लोकरीचे प्रमाण निदान ८० टक्के असलेला स्वेटर घ्यावा. यंत्रात धुण्याजोगी म्हणून विकली जाणारी लोकर आटत नाही, कारण तिच्या तंतूंवरचे खवले आधीच घालवलेले किंवा झाकलेले असतात. स्वेटर चेन असलेल्या अभ्र्यात घालून धुवावा, म्हणजे सुटलेला भुसा यंत्राच्या जाळीत जात नाही. जोडीला एखादी जुनी जीन्स टाकली, तर घुसळण चांगली होते. टाके अजून दिसत असतील, तर पुन्हा एकदा धुवा. कापायचे ते पूर्ण वाळल्यावरच, कारण ओला फेल्ट ओढला तसा आकार धरतो.

प्रश्न : टी-शर्टच्या पट्ट्यांची वेणी घालून गोल पायपुसणे शिवते आहे, पण ते सपाट न राहता वाडग्यासारखे वर उचलले जाते. वजन ठेवून पाहिले, इस्त्री करून पाहिली, फरक पडला नाही.

उत्तर : हा गोलाच्या परिघाचा हिशेब आहे, म्हणून वजनाने किंवा इस्त्रीने तो सुटणार नाही. प्रत्येक नव्या फेरीला आधीच्या फेरीपेक्षा जास्त लांबी लागते. तुम्ही वेणी ओढून शिवत असाल, तर ती लांबी कमी पडते आणि कड आत खेचली जाऊन वर उचलते. याउलट कड लाटांसारखी हलत असेल, तर वेणी गरजेपेक्षा सैल बसली आहे. बिघाड सुरू झाला त्या फेरीपर्यंत शिवण उसवा. वरून दाबून तो जाणार नाही, हे मान्य करणेच शेवटी वेळ वाचवते. पायपुसणे हातात किंवा मांडीवर न घेता टेबलावर सपाट ठेवून शिवा. आतल्या फेऱ्यांत वळण तीव्र असते, तिथे आतल्या बाजूचा एक टाका घेऊन बाहेरच्या वेणीचा एक पदर अधूनमधून सोडावा, म्हणजे वेणीला पसरायला जागा मिळते.

पट्ट्यांविषयी थोडे. होजिअरीचे कापड आडवे, म्हणजे एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत, साधारण अडीच सेंटिमीटर रुंदीने कापा आणि पट्टी हाताने ताणा. तिच्या कडा आपोआप आत वळून गोल दोरी तयार होते. बगलेत शिवण नसलेला टी-शर्ट मिळाला, तर तो सर्पिलाकार कापून एकच अखंड दोरी काढता येते. छापील चित्राचा भाग वळत नाही, तो वगळावा.

प्रश्न : जीन्सची पिशवी शिवताना सुया सारख्या तुटतात.

उत्तर : सुई १०० क्रमांकाची, जीन्ससाठी असलेली वापरा. कापडाचे चार-पाच थर एकावर एक येतात, तिथे यंत्राचे चाक हाताने फिरवा. शिवणीजवळच्या मायेचे थर वेगवेगळ्या रुंदीने छाटले, तर एका जागी ढीग होत नाही. खिशाच्या कोपऱ्यांवरचे तांब्याचे रिव्हेट, म्हणजे ठोकून बसवलेले धातूचे खिळे, आधीच पाहून ठेवा. अमेरिकेतले शिंपी जेकब डेव्हिस आणि कापडाचे व्यापारी लेव्ही स्ट्रॉस यांनी २० मे १८७३ रोजी पेटंट घेतले, ते कामकऱ्यांच्या विजारीचे खिसे फाटू नयेत म्हणून बसवलेल्या याच रिव्हेटचे. त्यांची ताकद म्हणूनच फुकट घालवू नये. खिसा रिव्हेटसकट कापून पिशवीवर बसवा आणि शिवण रिव्हेटच्या अलीकडेच थांबवा. ताणणाऱ्या जीन्समध्ये इलॅस्टेन असते आणि ओझ्याने ती लोंबते, म्हणून पिशवीसाठी न ताणणारी, जुन्या धाटणीची जीन्स निवडावी.

प्रश्न : लाल कापडाचा रंग जाऊ नये म्हणून मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवावे, असे सांगतात. ते खरे आहे का?

उत्तर : रंगवलेल्या सुती कापडाचा सुटणारा रंग मीठ किंवा व्हिनेगर पक्का करत नाही. रंगवण्याच्या वेळी मीठ रंगाला धाग्याकडे ढकलते आणि लोकर-रेशमाच्या काही रंगांना आम्ल लागते. त्यावरून हा समज पसरला असावा, असे मला वाटते. ओले पांढरे फडके कापडावर घासून पाहा. रंग लागला, तर पाणी स्वच्छ निघेपर्यंत ते वेगळे धुवा, आणि तरीही लागत राहिला तर पांढऱ्याशेजारी ते जोडू नका.

प्रश्न : उरलेल्या तुकड्यांची बाहुली भाचीसाठी शिवते आहे. ती दीड वर्षाची आहे. जुन्या डब्यातली सुंदर बटणे डोळ्यांसाठी लावू का?

उत्तर : नको. बटण कितीही घट्ट शिवले, तरी दोरा चावून तुटतो. ३ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांच्या तपासणीत सुमारे ३.२ सेंटिमीटर व्यासाच्या नळीत मावणारा सुटा भाग घशात अडकण्याजोगा मानतात, आणि बहुतेक बटणे त्या नळीत सहज मावतात. डोळे भरतकामाने काढा. बाहुलीच्या पोटात फक्त धुतलेली कात्रणे किंवा कापूस भरा, शिवण बारीक टाक्यांनी दोनदा घाला. बटणे भाची मोठी होईपर्यंत जपून ठेवा.

प्रश्न : वडील गेल्यावर त्यांचे आठ सदरे आम्ही ठेवून दिले आहेत. मला त्यांची गोधडी करून भावंडांना दाखवायची आहे, पण त्या सदऱ्यांना कात्री लावलेली आईला बघवत नाही. काय करावे?

उत्तर : आधी आईला विचारा, की आठांपैकी कोणते सदरे जसेच्या तसे राहावेत असे तिला वाटते. ती सांगेल ते बाजूला काढा. त्यावर चर्चा करू नका. त्यांतला एक तरी न धुता, सुती पिशवीत घालून तिच्याजवळच राहू द्या, कारण कापड धुतल्यावर माणसाचा वास जातो आणि तो परत आणता येत नाही. उरलेल्यांचे काम घाईने सुरू करण्याचे काहीच कारण नाही. वर्षभर थांबलात तरी कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवलेल्या सुती कापडाचे काही बिघडत नाही.

सुरुवात एका उशीच्या अभ्र्याने करा. सदऱ्याची बटणे लावून तो सपाट अंथरायचा, पुढचा आणि मागचा भाग मिळून एक चौकोन कापायचा आणि चारही बाजू शिवायच्या. उशी आत-बाहेर करायला बटणपट्टी तशीच राहते आणि छातीवरचा खिसाही जागच्या जागी राहतो. सदऱ्याची ओळख यात पुसली जात नाही, आणि तो अभ्रा हातात घेतल्यावर गोधडीविषयी आईचे मन वळेलही. वळले नाही, तर अभ्र्यांवरच थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

गोधडी करायची ठरलीच, तर हिशेब असा. १२ सेंटिमीटरचे चौकोन कापले आणि चारही बाजूंना १ सेंटिमीटर माया धरली, तर प्रत्येक चौकोन १० सेंटिमीटरचा दिसतो. १२० बाय १५० सेंटिमीटरच्या गोधडीला असे १८० चौकोन लागतात. मोठ्या माणसाच्या सदऱ्याच्या पाठीतून साधारण २० निघतात, पुढचे दोन भाग आणि बाह्या वेगळ्या. म्हणजे पाच सदरे बहुधा पुरतात. सगळे चौकोन कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्याला समांतर कापा, कारण उरेब, म्हणजे तिरका, कापलेला तुकडा शिवताना ताणतो आणि ओळी वाकड्या जातात. विरलेल्या तुकड्यांना मागून इस्त्रीने चिकटणारे पातळ अस्तर लावा.

रफू केलेल्या जागा, शाईचा न गेलेला डाग, झिजलेली कॉलर हे कापून टाकण्यापूर्वी आईला दाखवा. एखादी जागा गोधडीच्या मधोमध यावी असे ती म्हणू शकते.