रोमानियाच्या सेकुरितातेचे बिल्ले आणि ओळखपत्रं अस्सल आहेत की नक्कल, कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बुखारेस्टचा एक विक्रेता 'सेकुरिताते अधिकाऱ्याचा पूर्ण संच' म्हणून बारा नग विकतोय. टोपीचा बिल्ला, स्क्रूचे काही बिल्ले, बटणं, एक पदक आणि फोटो लावलेलं ओळखपत्र. घ्यावा का, आणि किती द्यावे?

'पूर्ण संच' हे शब्द वाचले आणि लिहायला बसलो. सेकुरिताते ही कम्युनिस्ट रोमानियाची गुप्त पोलिस यंत्रणा. तिचे बरेच अधिकारी साध्या कपड्यांत काम करायचे. तिच्या नावाच्या वस्तू मुळातच थोड्या, आणि त्या अशा बाराच्या पुडक्यात येत नाहीत. त्या नावाखाली विकलं जातं ते बहुतेक मिलित्सियाचं, म्हणजे साध्या पोलिसांचं. नाहीतर गृहमंत्रालयाच्या दुसऱ्या शाखांचं; अग्निशमन दलही त्याच मंत्रालयाखाली होतं. डायनॅमो बुखारेस्ट हा क्लब १९४८ मध्ये त्याच मंत्रालयाचा म्हणून निघाला, त्यामुळे फुटबॉलचा बिल्लासुद्धा 'गुप्त पोलिसांचा' म्हणून खपवला जातो. वस्तू खरी असते, नाव खोटं असतं. अशा ठिकाणी धातू तपासून काही हाती लागत नाही. आधी तारखा लावा.

राजचिन्हापासून सुरुवात करा. १९४८ च्या चिन्हात गव्हाच्या ओंब्या, डोंगर, जंगल, तेलविहिरीचा मनोरा आणि उगवता सूर्य आहे, पण तारा नाही. वरचा लाल तारा १९५२ मध्ये आला. खालच्या फितीवर १९६५ पर्यंत आर.पी.आर. (रोमानियन लोकप्रजासत्ताक) ही तीन अक्षरं होती, त्यानंतर 'रेपुब्लिका सोशालिस्ता रोमनिया' हे पूर्ण नाव आलं. म्हणजे १९५० चा शिक्का आणि त्यात तारा असेल, तर तो कागद तिथल्या तिथे परत करा.

मग खात्याचं नाव. सेकुरिताते ३० ऑगस्ट १९४८ च्या सुमारास गृहमंत्रालयाखाली उभी राहिली. १९५२-५३ मध्ये वर्षभर तिचं स्वतंत्र मंत्रालय होतं. १९६८ ते १९७२ वेगळी परिषद होती. १९७२ मध्ये ती परिषद परत मंत्रालयात मिसळली, आणि 'अंतर्गत व्यवहार मंत्रालय' जाऊन नुसतं 'मिनिस्तेरुल दे इंतेर्ने', म्हणजे 'अंतर्गत मंत्रालय', राहिलं. १९७८ पासून डिसेंबर १९८९ पर्यंत 'राज्य सुरक्षा विभाग'. १९८३ च्या ओळखपत्रावर जुनं 'अंतर्गत व्यवहार' छापलेलं दिसलं तर विक्रेत्याकडे खुलासा मागा.

नक्कल करणारे सर्वांत जास्त अडकतात ते शुद्धलेखनात. रोमानियन भाषेत एकच स्वर दोन तऱ्हांनी लिहितात: 'ए' या रोमन अक्षरावर छपरी (^) देऊन, किंवा 'आय'वर छपरी देऊन. १९५३ च्या सुधारणेत 'ए'वरची छपरी गेली आणि सगळीकडे 'आय' आला, अगदी देशाच्या नावातसुद्धा. १९६५ मध्ये फक्त 'रोमन' (म्हणजे रोमानियन), 'रोमनिया' आणि त्यांच्या घरच्या शब्दांना 'ए' परत मिळाला. बाकी शब्दांना तो १९९३ नंतर मिळाला. आता 'समाज आणि राज्यव्यवस्थेच्या रक्षणातील विशेष सेवेबद्दल' या सन्मानाचं प्रमाणपत्र भिंगाखाली धरा. त्यात व्यवस्था या अर्थाचा 'ओरंदुइरी' हा शब्द येतो. १९७० च्या कागदावर त्यात 'आय'वरच छपरी हवी. 'ए'वर दिसली तर छापणारा १९९३ नंतर शाळेत गेलेला आहे. शिक्क्यातल्या गावांच्या नावांनाही हेच लागू: तिर्गोविश्ते, तिर्गु मुरेश, किंपुलुंग. मी कुठलाही कागद हातात आला की फोटो आणि सही नंतर बघतो, आधी ही छपरी.

आता धातू. जुने चांगले बिल्ले टोंबाकचे, म्हणजे तांबं जास्त असलेल्या पितळेचे, ठोकून काढलेले आणि भट्टीतल्या मिन्याचे. नंतरच्या काळात ॲल्युमिनियम आणि रंग सर्रास आला, त्यामुळे हलका आहे म्हणून नकली समजू नका. दहापट भिंग घ्या. भट्टीतला मिना काचेसारखा कडक असतो, धातूच्या रेघांच्या पातळीत घासलेला असतो आणि फुटला तर शिंपल्यासारखा फुटतो. आजच्या नकलेत मिन्याऐवजी भरलेली राळ फुगीर बसते आणि कडेला सुईचं टोक दाबलं की खड्डा पडतो. ओतीव नकलेत खोलगट जागी बारीक छिद्रं दिसतात आणि अक्षरांच्या कडा गोलसर होतात. साच्यातून काढलेला धातू थंड होताना शेकडा एक-दोन आकसतो. ४० मिमीच्या नगात तो फरक अर्धा मिमीच्या आसपास जातो. व्हर्निअर कॅलिपरने मोजा आणि खात्रीच्या नगाशी ताडून बघा, नजरेच्या अंदाजाने नको.

पाठीचा स्क्रू जोरात फिरवू नका. नट गंजला असेल तर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडून चोवीस तास ठेवा, मग स्क्रूचा दांडा पक्कडीत धरून फक्त नट फिरवा. दांडा मोकळा ठेवून पिळलात तर झाळलेला सांधा सुटतो, आणि एकदा नव्याने झाळलेला बिल्ला कायमचा संशयित होतो.

चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर यांतलं काही लावू नका. यावर माझं कितीतरी जणांशी वाजलंय, आणि मी मागे हटणार नाही. चाळीस वर्षांचा तपकिरी थर हाच तुमचा पुरावा. तो घासून काढल्यावर अस्सल नग आणि काल ठोकलेला नग सारखेच दिसतात. हिरवी पूड उमटत असेल तर ती क्षाराची कीड आहे. तो नग बाजूला काढा, कोरडा ठेवा. पीव्हीसीच्या पाकिटांत ठेवलेल्या पितळेवर चिकट हिरवा थर धरतो, म्हणून पॉलिप्रॉपिलीन किंवा मायलार वापरा. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात बंद डब्यात लिटरमागे २० ग्रॅम सिलिका जेल, म्हणजे दहा लिटरच्या डब्याला २०० ग्रॅम. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११० अंशांवर दोन-तीन तास वाळवून परत वापरा. प्लायवूडच्या ट्रेमधून आम्ल वाफा सुटतात, तो टाळा.

ओळखपत्राबद्दल माझं उत्तर सरळ आहे: घेऊ नका. त्या माणसाचं नाव आणि चेहरा त्यावर आहे. त्यातून १९९९ च्या १८७ क्रमांकाच्या कायद्यानंतर सेकुरितातेच्या फायली एका सरकारी परिषदेकडे आहेत आणि ज्यांच्यावर पाळत होती त्यांना आपली फाईल बघायचा हक्क आहे. जून १९९० मध्ये बेरेव्होयेश्ती गावात सेकुरितातेचे कागद जाळून पुरले गेले आणि वर्षभराने पत्रकारांना सापडले, हे तिथं कोणी विसरलेलं नाही. सुटी फाईल, जबानी, खबऱ्याची चिठ्ठी विकायला आली तर ती कोणाच्या तरी आयुष्यातून फाडलेली आहे.

'असल्या वस्तू घरात ठेवणं म्हणजे त्या लोकांचा गौरव', असं मला अनेकदा ऐकवलं गेलंय. मला ते मान्य नाही, पण एका अटीवर: वस्तूवरची नावाची चिठ्ठी खरी हवी. युलिउ मनिउ हा रोमानियाचा पंतप्रधान राहिलेला माणूस, १९५३ मध्ये सिगेतच्या तुरुंगात मेला. ज्या यंत्रणेने हे केलं तिचं नाव वाहतूक पोलिसाच्या बिल्ल्याला चिकटवणं, हा त्या मेलेल्यांच्या नावावर केलेला धंदा आहे. 'मिलित्सिया, १९६५ नंतर, वापर माहीत नाही' एवढंच लिहा. त्याने वस्तूला कमीपणा येत नाही.

दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. छापील कोरे फॉर्म आणि जुने शिक्के नाव बदलल्यावरही काही काळ चालू शकतात, त्यामुळे नंतरच्या तारखेवर जुनं नाव दिसलं म्हणून लगेच नकली म्हणू नका. उलटं मात्र कधीच होत नाही. आणि दिव्याची चाचणी: जांभळ्या (अतिनील, यूव्ही) दिव्याखाली निळा चमकणारा कागद १९४९ च्या तारखेचा असेल तर तो बाद, कारण कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालायची, अशी चमक देणारी रसायनं कागदात १९५० च्या दशकापासून रुळली. १९८० च्या कागदाला ती चाचणी निरुपयोगी आहे.

किमतीचं तुम्ही विचारलंत, पण समोरून काढलेल्या एका फोटोवरून मी आकडा सांगणार नाही. प्रत्येक नगाची पाठ, कड आणि स्क्रूचं बूड, शेजारी मोजपट्टी ठेवून, तिरक्या उजेडात काढलेले फोटो विक्रेत्याकडून मागवा. ओळखपत्र वगळून अकरा नगांचा भाव सांगायला लावा.